पानबाईंची अठाई

नावं घेऊनच बोलते, म्हणजे नंतर कोणी "कुंदाबाई पाठीमागे बोलतात" असं म्हणायला नको. आमच्या समोरच्या दाराच्या पानबाई, त्यांचा मुलगा नवीन आणि सून डिंपल. जळगावात रिंग रोडजवळ आमची बिल्डिंग, तिसरा मजला, दार समोर दार. दिवसभर दोन्ही दारं उघडी, त्यामुळे त्यांच्याकडे काय शिजतं ते मला कळतं आणि आमच्याकडे काय करपतं ते त्यांना. मागच्या पर्युषणात, जैनांच्या त्या आठ दिवसांच्या पर्वात, त्या घरात जे झालं ते आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. किडे झाले माशांच्या टाकीत आणि शिक्षा कोणाला, तर पंच्याहत्तरी ओलांडलेल्या म्हातारीला!

पानबाई लग्न होऊन धरणगावात आल्या आणि तिथल्याच झाल्या. त्यांच्या नवऱ्याचं, फुलचंदशेठांचं, तिथे किराणा दुकान होतं, मागे घर, पुढे ओटा. घरात त्यांची मारवाडी चालते, पण मनातलं बोलायला त्यांना धरणगावची अहिराणीच लागते. मी रावेरकडची लेवा पाटीदारीण, माझी बोली वेगळी. पण दोन बायकांना एकमेकींचं दुखणं कळायला काय डिक्शनरी लागते?

त्यांच्या सासूनं लग्नानंतर लगेच त्यांना एक नियम दिला होता. ज्या घरचं अन्न खायचं, त्या घरातल्या मुक्या जिवाला आधी आपल्या हातानं घास द्यायचा, मग आपण तोंडात घालायचं. पानबाईंनी तो जन्मभर पाळला. धरणगावात काय अडचण होती? ओट्यावर कबुतरं यायची, त्यांना ज्वारी. परसात मुंग्यांची वारुळं, तिथे साखर मिसळलेलं पीठ. जिवांची काही कमी नव्हती, आणि सून म्हणून आल्यापासून एक दिवसही त्यांचा नियम चुकला नाही.

शेठ गेले, दुकान बंद झालं, नवीननं आईला इकडे आणलं. इकडे कसले जीव आणि कसलं काय! गॅलरीला कबुतरांची जाळी. दाणे टाकले म्हणून सोसायटीवाल्यांनी एकदा तोंड सोडलं होतं, तेव्हापासून तेही बंद. मुंगी दिसली की डिंपल खडूच्या रेघा ओढते, वर दर वर्षी फवारणीवाला बोलावते. पानबाई सकाळी घरभर एखादी मुंगी शोधत फिरायच्या. हसू नका, मी डोळ्यांनी पाहिलंय. स्वयंपाकघराच्या खिडकीत एखादी चुकार मुंगी सापडली की तिच्यापुढे चिमूटभर पीठ ठेवायच्या आणि मग चहाला बसायच्या.

अशात नवीनला कोण्या वास्तुवाल्यानं सांगितलं की ईशान्य कोपऱ्यात मासे ठेव, दुकान धावेल. टाइल्सचं दुकान, ते कशाला धावतंय! पण टाकी आली. निळी खडी, प्लास्टिकचं झाड, बुडबुडे सोडणारा एक शिंपला, सोनेरी मासे आणि नजर लागू नये म्हणून एक काळा. आणि माय माय, पानबाईंचा चेहरा काय फुलला! "कुंदा, घरमा जीव उनात," मला म्हणाल्या. घरात जीव आले. सकाळी कणकेच्या मोहरीएवढ्या गोळ्या करायच्या, टाकीपाशी उभं राहून एक एक सोडायची. मासे वर यायचे, त्यांचं बोट ओळखायला लागले होते. मग पानबाई जेवायच्या.

आता पुढचं नीट ऐका, कारण इथेच खरी गोम आहे. टाकीत एकट्या पानबाई टाकत नव्हत्या. नवीनला ज्योतिष्यानं शनीसाठी काळ्या माशाला खाऊ घालायला सांगितलं होतं, तर हा दुकानात जाताना मूठभर डबीतलं खाणं ओतून जायचा. पाहुणे आले की डिंपल त्यांच्या पोरांना मासे उसळलेले दाखवायला पुन्हा टाकायची. जैन स्थानकातल्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनेच्या जागेतल्या, आणि भिशीच्या बायका आल्या की, "आमच्याही हातून थोडं पुण्य घडू द्या," म्हणून प्रत्येकीला चिमूट. अहो, टाकी आहे का अन्नछत्र? माशांची पोटं ती केवढी! उरलेलं सगळं खाली निळ्या खडीत जाऊन कुजत होतं. पण पुण्य करणाऱ्याला खाली वाकून बघायची सवय नसते.

मग श्रावणात डिंपलकडे भिशी होती. मीही भिशीत आहे. कचोरी झाली, चिठ्ठी निघाली, आणि एकजण टाकीपाशी सेल्फी काढायला गेली ती किंचाळलीच. काचेला आतून पांढरे, दोऱ्यासारखे बारीक किडे चिकटलेले, वळवळ वळवळ करत. खडीत तर विचारूच नका. "ई! जंत!" एकच गलका. कचोरी हातात धरलेल्या बायकांनी कचोऱ्या खाली ठेवल्या. डिंपलचा चेहरा पांढराफटक. मला तिची दया आली, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या क्षणी ती काय म्हणाली? "आमच्या मम्मीजी दिवसभर कणीक टाकत असतात ना, त्याच्यामुळे."

पानबाई तिथेच कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. ज्या बायकांनी मागे याच टाकीत चिमटी चिमटीनं पुण्य केलं होतं, त्या सगळ्या पानबाईंकडे अशा बघायला लागल्या जसं काही त्यांनीच ते किडे पदराखालून आणून सोडले. चोर सोडून संन्याशाला सुळी! मी म्हटलं, "डिंपल, मागच्या वेळी तू मलाच डबी दिली होतीस ना गं टाकायला?" तर म्हणते, "काकू, तुमची गोष्ट वेगळी." काय वेगळी? माझी चिमूट काय हवेत विरघळली?

माशांच्या दुकानातला अखिल येऊन पाहून गेला. त्यानं बिचाऱ्यानं सरळ सांगितलं, "हे किडे माशांना काही करत नाहीत. खाली सडलेलं आहे ते खातात. खाणं जास्त पडतंय. दोन-तीन दिवस खाणं बंद ठेवा, मी पाईप लावून खडीतला गाळ ओढून काढतो. नंतर रोज थोडंच टाका, मासे लगेच संपवतील इतकं." झालं, विषय संपला असता. पण दुसऱ्या दिवशी पर्युषण बसणार होतं. नवीनच्या डोक्यात आलं की गाळ ओढला तर किडे मरणार, आणि पर्युषणात घरात हिंसा कशी करायची? म्हणून गाळ काढणं पुढे ढकललं. पर्युषण संपलं की टाकी अखिलच्या दुकानात न्यायची, तिथे औषध टाकून किडे मारून आणायचे, म्हणजे घरात पाप नको! मी नवीनला विचारलं, "दुकानात मेले तर ते काय आपल्या मौतीनं मेले?" तर हसला. आणि तोवर कोणी काही टाकू नये म्हणून टाकीच्या झाकणाला चारी बाजूंनी खाकी चिकटपट्टी. "बाई, तू टाकीला हात लावायचा नाही," असं आईला बजावून मोकळा. तो आईला बाई म्हणतो.

म्हणजे बघा कसा न्याय. किडे मरू नयेत म्हणून मासे उपाशी. आणि मासे उपाशी म्हणून...

ते मला पहिल्यांदा कळलंच नाही. पानबाई जेवत नाहीत, फक्त उकळलेलं पाणी घेतात, एवढं कळलं. घरात सगळ्यांना वाटलं, पर्युषण आहे, म्हातारीनं उपास धरला. जैनांच्या घरात पर्युषणात कोणी जेवलं नाही तर कोणी "का" विचारत नाही, उलट हात जोडतात. एक उपास झाला, दुसरा झाला, तिसऱ्या दिवशी डिंपल दारात येऊन मला म्हणाली, "काकू, मम्मीजींचा तेला झाला! आता आम्ही त्यांना म्हणतोय, अठाईच करा." तेला म्हणजे सलग तीन उपास, अठाई म्हणजे सलग आठ, फार मोठं तप मानतात. तिचे डोळे चमकत होते. किड्यांनी गेलेली अब्रू सासूच्या उपासानं परत येणार होती ना!

मी केळीचे वेफर्स तळले होते, ते नवीनसाठी घेऊन गेले आणि पानबाईंच्या खोलीत डोकावले. त्या पलंगावर आडव्या होत्या, ओठ सुकलेले. उशीशी एक स्टीलची वाटी. वाटीत कणकेच्या गोळ्या. वाळलेल्या, तडकलेल्या, आणि वरच्या ओल्या, त्याच सकाळच्या.

"पानबाई, हे काय?"

"घास," त्या म्हणाल्या. "रोज करस. झाकण उघडत नही."

मी वाटी हातात घेतली. "अहो, मग तुमचा उपास..."

"उपास कसाना, बेन? पच्चक्खाण लिधं नही मी." जैनांचा उपास असा नुसता न जेवून होत नाही. सकाळी संकल्प करावा लागतो, त्याला पच्चक्खाण म्हणतात. पानबाईंनी तो केलाच नव्हता. त्यांना तप करायचंच नव्हतं. त्यांना घास द्यायचा होता आणि जेवायचं होतं. बस, इतकंच.

मी नाही नाही ते उपाय सुचवले. घरात एखादी मुंगी शोधू म्हटलं, तर भिशीआधीच्या फवारणीनं एकही उरली नव्हती. खाली गाईला पोळी घालू, चला. तर म्हणे, ज्या घरी जेवायचं त्याच घरातला जीव पाहिजे. मग माझ्याकडे चला, माझी मांजर आहे, तिला दूध घाला आणि माझ्याकडे जेवा, कांदा-लसूण-बटाटा काही घालत नाही, भांडी घासून घेते. तर पानबाईंनी माझा हात धरला. पोराच्या घरी उपाशी राहून शेजारी जेवले तर माझ्या पोराचं नाक राहील का, म्हणाल्या. मग नवीनला सांगा ना, म्हटलं! तर त्या म्हणाल्या, "त्यानी नाही म्हटलं शे. घर त्यानं शे." घर त्याचं आहे. आणि वर मला शपथ घातली, "कोणले सांगानं नही, तुले मन्ही आन शे."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. आणि आता तो मलाही बसत होता. शपथ घातलेली, बोलता येईना, आणि गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. आमच्या ह्यांनी त्या दिवसांत माझ्या हातचं अळणीच खाल्लं. मी नवीनला जिन्यात गाठलं. म्हटलं, "नवीन, टाकीचं झाकण काढ रे. पानबाईंना सवय आहे सकाळी." तर हा दोन्ही हात जोडून, अगदी हळू आवाजात, "काकू, बाईचं तप चालू आहे. या दिवसांत घरात वादविवाद नको." मला असा राग आला की वाटलं, याला तिथेच पायरीवर बसवावं आणि दोन कानाखाली द्याव्यात. आई म्हणून नाही, शेजारीण म्हणून. डिंपलला म्हटलं, "अगं, त्यांचं वय बघ, बीपी बघ, कोणी विचारलंय का त्यांना काय पाहिजे ते?" तर म्हणे, "काकू, तुमच्यात नसतं ना असं, म्हणून तुम्हाला भीती वाटते. तपात ताकद मिळते." ताकद! भिंत धरून मोरीपर्यंत जात होती ती बाई.

मोबाईलवर स्टेटस लागले. "आमच्या मम्मीजींच्या अठाई तपाची खूप खूप अनुमोदना." बिल्डिंगच्या गेटवर पानबाईंच्या फोटोचा बॅनर लागला, पदर डोक्यावर, मागे फोटोशॉपमधला उगवता सूर्य. धुळ्याहून, चोपड्याहून नातेवाईक साता विचारायला, म्हणजे तपस्व्याची खुशाली विचारायला यायला लागले. प्रत्येकजण पाया पडायचा. पाया पडणाऱ्या माणसाकडे पानबाई अशा बघायच्या की मला तिथे उभं राहवायचं नाही. खोट्या तपाचं मोठेपण घेणं हे त्यांच्या लेखी केवढं पाप, ते मला माहीत होतं. मुलाची अब्रू राखायची तर ते पाप रोज पदरात घ्यायचं, आणि नाही घ्यायचं तर मुलाला उघडं पाडायचं. आणि मध्ये पोट रिकामं. माणसाला किती बाजूंनी कोंडावं याला काही हिशेब आहे का?

मग डिंपलनं गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. अठाई पुरी व्हायच्या आधीच, कारण म्हणे शेवटच्या दिवशी सगळ्यांच्याच घरी गर्दी असते. दुपारी हॉल भरला. पानबाईंना सोफ्यावर बसवलं, अंगावर शाल, गळ्यात मोत्यांची माळ. सोफ्याच्या शेजारी ईशान्य कोपरा, आणि त्यात टाकी. आणि टाकीवर काय? जरीचं कापड! किडे दिसू नयेत म्हणून वरून खालपर्यंत लग्नातल्या रुखवतासारखी झाकून टाकलेली. आत मासे काळोखात, बाहेर तपस्वी उजेडात.

मी दारापाशी उभी होते. आत जायचं की परत फिरायचं तेच ठरत नव्हतं, कारण आत गेले तर तोंड उघडणार आणि शपथ मोडणार, हे मला पक्कं माहीत होतं.

गाणी झाली. महिला मंडळाच्या अध्यक्षा कामिनीबेन उठल्या आणि माइक पानबाईंच्या तोंडाशी धरून म्हणाल्या, "पानबाईजी, या वयात एवढं तप! ही शक्ती कुठून आली, दोन शब्द सांगा. तरुण मुलींना प्रेरणा मिळेल." सगळ्यांचे मोबाईल वर झाले. नवीन शूटिंग करत होता.

पानबाईंनी आधी शाल सावरली. मग माइक बाजूला केला. आवाज इतका बारीक की पंखा बंद करावा लागला.

"मी तप करं नही," त्या म्हणाल्या.

कोणाला कळलंच नाही. कामिनीबेन हसून म्हणाल्या, "बघा किती विनय!"

"विनय नही, बेन. पच्चक्खाण लिधंच नही मी."

पुढचं पानबाई जे बोलल्या ते मी माझ्या भाषेत सांगते, त्यांचे शब्द तसेच आठवले तर मला रडू येतं. त्या म्हणाल्या, माझ्या सासूनं मला नियम दिलाय, घरातल्या जिवाला घास दिल्याशिवाय मी जेवत नाही. या घरात जीव राहिले आहेत ते या टाकीत. टाकी बंद केली, म्हणून मी जेवले नाही. तुम्ही सगळे माझ्या पाया पडलात, ते पाप माझ्या माथी चढत होतं. आता सोसवत नाही. पोटाचं सोसलं असतं, हे सोसवत नाही.

डिंपल मध्येच म्हणाली, "मम्मीजी, पण ते किडे तुमच्या कणकेमुळेच..."

"मन्ही कणिक, तुन्ही डबी, या बठ्ठ्यास्नी चिमूट," पानबाई म्हणाल्या. माझी कणीक, तुझी डबी, या सगळ्यांची चिमूट. "आन् किडाबी जीवच शे. तो उना खावाले. त्याले दुकानमा धाडीसन मारशात, तर ते पाप दुकानवालानं नही. करणं आन् करावणं एकच." दुकानात पाठवून मारलं तरी पाप आपलंच.

ज्या ज्या बाईनं त्या टाकीत पुण्य सोडलं होतं, तिनं तिनं मान खाली घातली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आतली सगळी मळमळ निघून गेली. मी दारातूनच ओरडले, "नवीन, आता तरी उठशील का, का शूटिंगच करणार आहेस?"

नवीन उठला. जरीचं कापड ओढलं. चिकटपट्टी सोलायला लागला तर नखांनी निघेना, शेवटी डिंपलनंच कात्री आणून दिली. झाकण निघालं तसा एक कुबट वास हॉलभर पसरला आणि पुढच्या रांगेतल्या बायका मागे सरकल्या. मासे खाली मंदावले होते, पण जिवंत होते. पानबाई उठल्या. मी आत जाऊन त्यांना धरलं. पदराच्या गाठीतून त्यांनी त्या सकाळची गोळी काढली, एकच, आणि पाण्यावर सोडली. काळा मासा आधी आला.

तोच मागून दोन-तीन हात पुढे आले. "आमच्याही हातून, पानबाईजी." शपथेवर सांगते, या बायकांना मी काय म्हणू? कप्पाळ! पानबाईंनी झाकणावर आपला हात आडवा धरला. "बस," म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला.

नवीन आईच्या पायाशी बसला. "बाई, चुकलं. मिच्छामि दुक्कडम्." रडत होता, खरं रडत होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कामिनीबेनना कार्यक्रम मध्येच तुटलेला बघवेना. त्या माइकमध्ये म्हणाल्या, "चला, जे झालं ते झालं. आता मुलाच्या हातून पानबाईजींचं पारणं होईल." उपास सोडण्याच्या सोहळ्याला पारणं म्हणतात. डिंपल धावत आतून चांदीची वाटी आणि चांदीचा चमचा घेऊन आली, मुगाचं पाणी, वर केशराची काडी. नवीननं डोळे पुसले, चमचा भरला. पुन्हा सगळे मोबाईल वर. कोणीतरी गाणंसुद्धा सुरू केलं.

पानबाईंनी तो चमचा हातानं खाली केला. माझ्या खांद्यावर त्यांचं सगळं वजन होतं, आणि वजन काहीच नव्हतं. गाणं थांबलं. त्यांनी डिंपलकडे पाहिलं, रागानं नाही, जसं रोज जेवायच्या वेळी बघतात तसं.

"पारणं तपनं व्हस, बेटा," त्या म्हणाल्या. "मी उपाशी व्हतू. माले जेवाले वाढ."